चौथ्या भागात मेलेलं पोरगं मी आईसाठी जिवंत ठेवलंय, आता पाचवा भाग कसा सांगू?

मातोरी_बाग

नमस्कार मंडळी. विचारायला जरा लाज वाटतेय. पण इथं मला कोणी ओळखत नाही, आणि गावात विचारलं तर पारावर आठवडाभर माझाच विषय चालेल.

वय ५३. नाशिकला मखमलाबादच्या पुढं मातोरी रोडला अडीच एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. वाचन म्हणाल तर औषधांच्या बाटलीवरची चिठ्ठी, सोसायटीची नोटीस आणि दुकानदाराने दिलेली फवारणीची डायरी. कादंबरी म्हणून कधी हातात धरली नाही. आणि डिसेंबरपासून मी हॅरी पॉटर वाचतोय. सात भागांतले चार झाले.

झालं असं की माझा मोबाइल फवारणीच्या टाकीत पडला. त्याच आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाइट होती. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, असं आमचं चालतं. त्यात थंडी उतरलेली. पारा पाच-सहाच्या खाली गेला की मणी तडकायची भीती, म्हणून पहाटे ठिबक चालू ठेवायचं आणि बांधाला शेकोट्या लावायच्या, धूर बागेतच रेंगाळेल अशा बेतानं. म्हणजे रात्रभर जागा. मोबाइलशिवाय माणूस विहिरीच्या काठावर आठ तास काय करणार? मुलगी शिकायला पुण्याला आहे, तिच्या पुस्तकांचं खोकं घरात पडलेलं. वरचं उचललं. नाव होतं ‘हॅरी पॉटर आणि परीस’. परीस म्हटल्यावर मला वाटलं संतांच्या गोष्टी असतील.

डोक्याला बॅटरी बांधली, पोत्यावर बसलो, उघडलं. सुरुवातीलाच एक लठ्ठ साहेब, ड्रिल बनवणाऱ्या कंपनीत, शेजारीपाजारी काय म्हणतील याचीच चिंता. असला माणूस सातपूरच्या कारखान्यांत दर गेटमागे एक भेटतो. म्हटलं, हे ओळखीचं आहे. जादू नंतर आली, तोवर मी अडकलो होतो.

जादूपेक्षा मला तिथले हिशेब आवडले. त्यांचं नाणं बघा: २९ नटचा एक सिकल, १७ सिकलचा एक गॅलिअन. म्हणजे गॅलिअनला ४९३ नट. मुलगी म्हणते लेखिकेनं मुद्दाम वेडंवाकडं केलंय. वेडंवाकडं कसलं? १९५७ च्या आधी आमच्या आजोबांचा रुपया १६ आण्यांचा आणि आणा १२ पैंचा होता, रुपयाला १९२ पै. सगळी द्राक्षं त्या हिशेबातच विकायची. त्यांच्या बँकेत तळघराच्या तिजोऱ्यांवर ड्रॅगन राखणीला असतात अशी बोलवा आहे. मागच्या हंगामात एक व्यापारी माझा माल भरून घेऊन गेला आणि फोन बंद करून बसला. तिथं एखादा ड्रॅगन असता तर बरं झालं असतं.

आणि शेतीचं! पहिल्या भागाच्या शेवटी ती पोरं एका वेलात अडकतात. त्या वेलाला अंधार आणि ओल लागते, उजेड-ऊब दिली की मागं सरतो. मी पोत्यावरून उठून उभाच राहिलो. ही तर आमच्या वेलीवरची डाऊनी बुरशी! आम्ही दुसरं काय करतो? फेलफुटी म्हणजे बगलेतल्या जादा फुटी काढा, पानांची विरळणी करा, घडापर्यंत ऊन जाऊ द्या. त्या शहाण्या पोरीला वेलाचं सगळं पाठ आहे, विस्तव लावायचा हेही ठाऊक आहे, पण ऐन वेळी लाकूड नाही म्हणून रडते. हातात जादूची कांडी असून! प्लॉट बघायला येणारे काही साहेब आठवले. दुसऱ्या भागात काचघरातली मांड्रेकची रोपं आहेत. उपटली की तान्ह्या पोरासारखी किंचाळतात, ऐकणारा बेशुद्ध पडतो, मोठ्या झाडाची ऐकली तर मरतोच, म्हणून कानाला गोंडे लावून त्यांच्या कुंड्या बदलायच्या. ती एकमेकांच्या कुंड्यांत घुसायला लागली की बाई म्हणतात, आता तयार झाली. पोंगा, दोडा, फुलोरा अशा वेलीच्या अवस्था आम्ही जशा ओळखतो तसंच. लिहिणारीनं माती हाताळली असणार असं मला तरी वाटतं.

नुकसानही केलंय, लपवत नाही. त्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं प्रकरण वाचत होतो. गुरगुर ऐकू येत होती. मी इतका आत गेलेलो की म्हटलं, वा, काय लिहिलंय, आवाज येतोय. आवाज मोटरीचा होता. थ्री फेजमधला एक फेज गेला होता आणि बिचारी दोन फेजवर कण्हत होती. वास आला तेव्हा उठलो. वाइंडिंगचे साडेपाच हजार. बायको अजून मेकॅनिकला सांगते, ‘यांच्या कुत्र्यानं खाल्ली.’

आता मूळ मुद्दा.

आई ऐंशीच्या पुढं आहे. पहाटे बंब पेटवते, मी बागेतून आलो की पाटावर बसून चहा घेतो. दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, रात्रभर डोळे फोडून काय वाचतोस? म्हटलं, एक पोरगं आहे, आईबाप मेलेत, मावशीकडं असतं.

‘मग बरंय,’ म्हणाली. ‘माय मरो पण मावशी जगो.’

म्हटलं, कुठलं बरं? ती मावशी त्याला जिन्याखालच्या अडगळीत झोपवते.

तिच्या हातातली फुंकणी थांबली. ‘सख्खी?’

‘सख्खी.’

‘सख्खी मावशी असून?’

बंब विझला, पण तिनं परत पेटवला नाही. मुलीला हे सांगितलं तर म्हणाली, बाबा, इंग्रजीत नुसतं आंट आहे, मावशी, आत्या, काकू, मामी सगळं एकच. मला वाटतं म्हणूनच त्या इंग्रज पोरांना एवढं लागत नसेल. आईला काकूनं छळलेलं समजलं असतं, मामीनं छळलेलंही. मावशीनं म्हटल्यावर ती झोपेना. तेव्हापासून रोज पहाटे, ‘पुढं काय झालं?’ मी रात्री वाचायचं आणि सकाळी तिला सांगायचं असा रतीब सुरू झाला. नावं तिनं तिची ठेवली. हॅग्रिडला ‘दांडगोबा’, त्या काळ्या झग्यातल्या मास्तराला ‘तेलकट्या’, उशीचा अभ्रा नेसलेल्या डॉबीला ‘अभ्रेवाला’. एका मोज्यापायी डॉबी गुलामीतून सुटला ते सांगितलं तेव्हा म्हातारी डोळे पुसून हसली. त्या दिवशी आमच्या गड्याला तिनं माझे नवे मोजे दिले.

तर चौथ्या भागात जादूच्या शाळांची एक शर्यत आहे, तिच्या शेवटी एक देखणं, सरळमार्गी पोरगं मरतं. सेड्रिक. काही कारण नसताना, मधे आलं म्हणून. मी ते वाचलं त्याच आठवड्यात आमच्या भाऊकीतलं एक पोरगं पेठ रोडला मोटरसायकलच्या अपघातात गेलं होतं. एकोणीस वर्षांचं. दशक्रियेला रामकुंडावर जाऊन आलो होतो आम्ही. दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं विचारलं, शर्यत कोण जिंकलं? मला नाही सांगवलं. म्हटलं, दोघं जिंकले. त्या देखण्या पोराला लागलं जरा, बापानं घरी नेलं.

‘चांगलं झालं,’ म्हणाली. ‘आईच्या हातचं खाईल चार दिवस.’

आता पाचवा भाग उघडलाय आणि पहिल्या पानापासून हॅरी त्या सेड्रिकची स्वप्नं बघतोय. मुलगी म्हणते या भागात अजून एक मोठं माणूस जातं. काय करू? खोटं पुढं चालवू का? की सरळ सांगू? कोणी घरात मोठ्या माणसांना असं काही वाचून दाखवलंय का?

जाता जाता दुसरंही विचारतो. मुलीकडं पहिले चार मराठीत आहेत, पाचवा इंग्रजीत, विटेएवढा. माझं इंग्रजी औषधाच्या लेबलापुरतं. झेपेल का?

---

घड_मणी_काडी

भाऊ, आधी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा, एक फेज गेला की मोटर आपोआप बंद होते. साडेपाच हजार वाइंडिंगला घातले त्याच्या निम्म्यात सुटलं असतं. आणि मण्यांत पाणी उतरायला लागलं असेल तर थंडीच्या नावाखाली रात्रभर ठिबक ठेवू नका, जास्त पाण्यानंही मणी तडकतात. पहाटे दोन-तीन तास पुरे. आमच्याकडं निफाडला तुमच्याहून जास्त थंडी असते, सांगायला नको.

पुस्तकाचं मला कळत नाही. पण त्या मांड्रेकला कीड काय लागते ते लिहिलंय का?

---

नाशिकरोड_पासवाला

इंग्रजी झेपेल. माझं ऐका.

मी २००३ मध्ये पंचवटी एक्सप्रेसला रोजचा पासवाला होतो. पाचवा भाग त्या वर्षी जूनमध्ये आला. आमच्या डब्यात रमी, भजन आणि झोप असे तीन गट. मी खिडकीशी बसून ती वीट उघडली तर रमीवाले म्हणाले, साहेब, यूपीएससी का? संध्याकाळी परतताना कसाऱ्याला घाट चढायला मागं इंजिन लावायचे, तेवढा वेळ गाडी थांबायची आणि डब्यात जरा शांतता व्हायची. माझी सगळ्यात चांगली पानं कसाऱ्यात वाचून झालीत. एकदा तर इगतपुरी कधी गेलं, नाशिकरोड कधी आलं कळलं नाही, मी मनमाडला उतरलो. मोटर जाळलीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

गंमत म्हणजे ही सगळी गोष्ट सुचलीच मुळी गाडी लेट झाल्यामुळे. १९९० साली ती बाई मँचेस्टरहून लंडनला निघाली होती, गाडी तासन्‌तास खोळंबली, तिच्याकडं चालू पेन नव्हतं आणि दुसऱ्याकडं मागायला लाजली. बसून नुसती विचार करत राहिली. आमची गाडी लेट झाली की आम्ही नुसत्या शिव्या घालत होतो.

मराठी की इंग्रजी? तुम्ही मराठीतून सुरू केलंत ते उत्तमच. ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ला ‘परीस’ हा शब्द आयता आपल्या घरात होता, शोधायलाही लागला नाही. (तो परीस बनवणारा निकोलस फ्लामेल खराखुरा होता बरं का. पॅरिसमध्ये लेखनिक होता, १४१८ मध्ये वारला. त्याचं १४०७ सालचं दगडी घर अजून उभं आहे. सोनं करायची किमया त्याच्या नावावर लोकांनी नंतर चिकटवली.) पण काही गमती मराठीत उतरणं अवघड. पहिल्या भागातला तो आरसा आठवतो? मनातली सगळ्यात खोल इच्छा दाखवणारा? इंग्रजीत त्याचं नाव ‘एरिसेड’. आरशात धरून उलटं वाचा, ‘डिझायर’ होतं. मला हे चौथ्या वाचनात कळलं, तेही माझ्या पुतणीनं सांगितलं.

पाचव्या भागाची ३८ प्रकरणं आहेत. रात्रीला एक घ्या. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारा, अर्थ शोधत थांबू नका. पन्नास पानांनंतर बाई काय बोलतेय ते आपोआप कळायला लागतं, सासुरवाडीच्या बोलीसारखं.

आईबाबत मी काही सांगू शकत नाही. माझी आई मला म्हणायची, डोळे मीट जरा गाडीत.

---

रोखठोक

ज्यांच्या गावात सीतागुंफा आहे त्यांनी गोऱ्यांचे जादूटोणे वाचावेत? म्हातारीला हरिविजय, रामविजय वाचून दाखवा. पुण्य लागेल.

---

तिवंध्यातल्या_बाई

रोखठोक, ज्या गावाचं नाव शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडलं असं आपण कौतुकानं सांगतो, त्या गावात राक्षस आणि मायावी हरणं नवी नाहीत. रामविजयही वाचा, हेही वाचा. म्हातारीला पोट दोन्हींसाठी आहे.

मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. सार्वजनिक वाचनालयाची, आपल्या सावानाची, सभासद लग्नाआधीपासूनची. १८४० सालची संस्था आहे ती. लहानपणी मी नाथमाधवांचं ‘वीरधवल’ तिथून आणलं आणि गोधडीत कंदील घेऊन वाचलं. गोधडीला भोक पडलं, आईनं मारलं, मी दुसऱ्या दिवशी पुढचा भाग आणला. त्याच्याही आधी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस कथा मराठीत आणल्या. १८६१ मध्ये हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, सगळी अद्भुताचीच. हिंदीतली देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ १८८८ ची, ती वाचायला लोक म्हणे देवनागरी शिकले. नंतर आपल्याकडं कुणीतरी ठरवलं की शहाण्या माणसानं वास्तववादी वाचावं. त्या शहाणपणात माझीही काही वर्षं गेली. ५३ व्या वर्षी लाज वाटून घेऊ नका, लाजायची पाळी आमची आहे, आम्ही वर्गात मुलांच्या हातातून ही पुस्तकं काढून घेत होतो.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. सांगून टाका. ऐंशी वर्षांच्या बाईनं किती दहावे-तेरावे पाहिले असतील, तिला मरणापासून सांभाळायला निघालात? खरं म्हणजे तुम्हाला स्वतःला ते उच्चारायचं नव्हतं, असं मला आपलं वाटतं. राग मानू नका, मी मास्तरीण आहे.

दुसरं असं की तुमचं खोटं पाचव्या भागात टिकणारच नाही. तिथं एका प्रकारचे घोडे येतात. कसले ते सांगत नाही. पण ते आले की तुमच्या आई तुम्हाला पकडणार.

तिसरं. पाचवा भाग मला फार लांबलेला वाटतो, मध्यावरची दीडशे पानं मी असते तर काढली असती. हॅरी सारखा ओरडतो. तरी शेवटपर्यंत जा. तुमच्या आईंनी पहिल्याच दिवशी बंबाजवळ बसून जी म्हण टाकली, ती जपून ठेवा. शेवटच्या दोन प्रकरणांत तिची गाठ पडेल. मी सातही भाग दोनदा वाचले, मराठीची बाई आहे मी, आणि तरी ती म्हण मला सुचली नाही. याचं मला काल रात्रीपासून वैषम्य वाटतंय.

अजून एक, तुम्हाला नसेल माहीत म्हणून. लेखिकेची आई १९९० च्या डिसेंबरात गेली, पंचेचाळीस वर्षांची होती. मुलीनं तेव्हा नुकतंच हे लिहायला घेतलं होतं. आईला त्यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं.

---

मातोरी_बाग

बाई, राग कसला. खरं बोललात.

घड_मणी_काडी, प्रिव्हेंटर बसवला. पाणी कमी केलं. मांड्रेकच्या किडीचं काही लिहिलेलं नाही, पण त्यांना तारुण्यपिटिका येतात असं आहे.

पासवाले, रात्रीला प्रकरण जमत नाही, अर्धं होतं. पेन्सिलच्या रेघांनी पुस्तक वहीसारखं दिसायला लागलंय. मुलगी ओरडेल.

---

मातोरी_बाग

पाच आठवड्यांनी येतोय. पहिला तोडा झाला, दर बरा मिळाला, आणि या वेळी गाडी भरायच्या आधी पैसे खात्यात घेतले.

पाचवा भाग संपला. ज्यांनी वाचला नाही त्यांनी इथंच थांबा, पुढं मी सगळं सांगणार आहे.

मी भित्रा आहे. बाईंनी सांगूनही सेड्रिकचं सांगितलं नाही. स्वप्नं गाळली, शाळेतली कुजबुज गाळली. आई नुसतं ऐकायची. मग ते घोडे आले. शाळेच्या बग्ग्या आपोआप चालतात असं आधीच्या भागांत होतं ना, ते आपोआप नव्हतं. हाडं दिसणारे, पंखांचे काळे घोडे जुंपलेले असतात. फक्त कोणाला मरताना पाहिलंय त्यालाच दिसतात. यंदा हॅरीला दिसायला लागले.

मी हे सांगून चहा प्यायला लागलो. मला वाटलं, निभावलं.

आई मेथी निवडत होती. थोड्या वेळानं म्हणाली, ‘त्याला कसे दिसले रे?’

म्हटलं, आईबाप गेले ना त्याच्यासमोर.

‘तेव्हा तान्हा होता तो. त्याला काय कळतंय? आणि तेव्हापासून दिसत असते तर मागच्या साली दिसले नसते का?’ तिनं एक जुडी संपवली, दुसरी घेतली. ‘ते देखणं पोरगं गेलं ना?’

मी मान हलवली.

‘मला तेव्हाच कळलं होतं. तू म्हणालास बापानं घरी नेलं. कसं नेलं ते सांगितलं नाहीस. चालत नेलं असतं तर सांगितलं असतंस.’ मग म्हणाली, ‘मला दिसतील ते घोडे. तुझे अण्णा गेले तेव्हा मीच होते उशाशी, तू खत आणायला गेला होतास. तुला नाही दिसायचे.’

हे खरं आहे. मी पंचवटीत खताच्या दुकानात होतो. बारा वर्षं झाली, आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नव्हतो. बोललो असंही नाही म्हणता येणार. मी चहाचा कप धुतला आणि बागेत गेलो.

शेवटचं माणूस गेल्याचं मात्र सरळ सांगितलं. नाव घेऊन. ती म्हणाली, ‘हं.’ आणि देवाजवळ एक वात जास्त लावली. कोणासाठी, हे मी विचारलं नाही.

आता बाईंची म्हण. शेवटी ते दाढीवाले गुरुजी हॅरीला सांगतात, तुला मावशीकडं का ठेवलं. आई त्याच्यासाठी मेली ना, तिच्या रक्तातलं राखण त्या पोरावर आहे. पण ते टिकायचं तर त्याच रक्ताच्या माणसाचं घर पाहिजे. आईचं रक्त जगात उरलं ते एकाच ठिकाणी, बहिणीत. तिनं कुरकुरत का होईना, पोराला घरात घेतलं, म्हणून वैऱ्याला त्याला तिथं हात लावता येत नाही. मी हे रात्री तीनला वाचलं. इंग्रजी वाक्य पुन्हा वाचलं, माझी चूक तर होत नाही ना म्हणून. मग मोटर बंद केली आणि सरळ घरी आलो. बंब अजून पेटायचा होता.

आईला उठवलं. सगळं सांगितलं. तुझी म्हण खरी निघाली म्हटलं, आई मेली आणि मावशी जगली, म्हणून पोरगं वाचलं.

ती अंथरुणावर बसून होती. मला वाटलं खूश होईल.

‘ते मी आधीच सांगितलं होतं,’ म्हणाली. ‘त्यात त्या गुरुजींनी काय नवीन शोधलं?’ मग गोधडीची घडी घालत, जरा घुश्शातच, ‘पण सांभाळायचंच होतं तर दहा वर्षं जिन्याखाली कशाला? वर खोली रिकामी होती ना? तिच्या पोराच्या मोडक्या खेळण्यांनी भरलेली?’

होती. पहिल्याच भागात आहे. मी विसरलो होतो.

आता ती म्हणते, सहाव्या भागात मावशी माफी मागते का ते आधी बघून सांग, मगच बाकीचं ऐकेन. मंगळवारी औषधं आणायला शहरात येतोय, सावानात चक्कर टाकीन. बाई, सहावा तिथं मराठीत मिळेल का? नसला तर इंग्रजीही चालेल, पेन्सिल आहे.